ओव्हरड्राफ्ट वापरताना आणि फेडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानदार, पगारदार, निवृत्त ठेवीदार आणि लहान कारखानदार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतील व्याजदर केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत; तुमच्या खात्याचा खरा दर तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

१. ओव्हरड्राफ्ट म्हणजे नेमके काय? साध्या कर्जापेक्षा तो वेगळा कसा?

ओव्हरड्राफ्ट, म्हणजे सरकारी मराठीतला अधिकर्ष, ही खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची बँकेने दिलेली परवानगी असते. मुदत कर्जाची रक्कम ठरलेल्या हप्त्यांनी परत जाते, आणि भरलेला हप्ता पुन्हा काढता येत नाही. ओव्हरड्राफ्टमध्ये गरज पडेल तेव्हा उचल करता येते, हाती पैसे आले की भरणा करता येतो, आणि भरलेली रक्कम मर्यादेत राहून पुन्हा उचलता येते. मर्यादा बहुधा एका वर्षासाठी मंजूर होते, आणि मागणी करताच पूर्ण रक्कम परत घेण्याचा हक्क बँक करारात राखून ठेवते. फेडीची तारीख कोणी बांधून देत नसल्यामुळे ती खातेदाराने स्वतः ठरवावी लागते. पुढचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

२. व्याज मंजूर मर्यादेवर लागते की वापरलेल्या रकमेवर?

वापरलेल्या रकमेवर, आणि तेही जितके दिवस ती वापरली तितक्याच दिवसांचे. रोज दिवसअखेर खात्यात जी नावे बाकी, म्हणजे तुम्ही बँकेला देणे असलेली रक्कम, असेल तिच्यावर त्या दिवसाचे व्याज मोजले जाते आणि महिन्यातून एकदा ते खात्याला नावे टाकले जाते. समजा मर्यादा ५,००,००० रुपये आहे, दर १० टक्के आहे आणि तुम्ही २,००,००० रुपये १२ दिवस वापरले, तर व्याज सुमारे ६५८ रुपये होईल. उरलेल्या ३,००,००० रुपयांवर काहीच लागणार नाही. मात्र काही बँका न वापरलेल्या मर्यादेवर वेगळे शुल्क लावतात आणि प्रक्रिया शुल्क बहुधा पूर्ण मर्यादेवर मोजले जाते, म्हणून गरजेपेक्षा मोठी मर्यादा मागून ठेवणे फुकट पडत नाही.

महिन्याचे व्याज नावे पडले आणि ते भरले नाही, तर ते बाकीत मिसळते आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लागते.

३. कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्ट एकच आहेत का?

वापरण्याची आणि व्याज मोजण्याची रीत सारखीच असते. फरक तारणाचा आणि हेतूचा आहे. कॅश क्रेडिट, म्हणजे बाजारात ज्याला 'सीसी' म्हणतात ते, व्यवसायाच्या खेळत्या भांडवलासाठी असते आणि मालाचा साठा व येणे रक्कम यांच्या तारणावर दिले जाते. ओव्हरड्राफ्ट मुदत ठेव, विमा पॉलिसी, घर, रोखे, पगार अशा कशावरही किंवा क्वचित विनातारणही मिळतो. फेडीविषयी येथे जे लिहिले आहे ते दोन्हींना लागू आहे. साठ्याच्या हिशेबाचा भाग प्रश्न ११ मध्ये आहे.

४. पैशांची गरज आहे. मुदत ठेव मोडावी, की तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यावा?

गरज किती दिवसांची आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टचा दर साधारणपणे त्या ठेवीच्या व्याजदरापेक्षा १ टक्का किंवा त्याच्या आसपास जास्त असतो आणि ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

तीन वर्षांची ४,००,००० रुपयांची ठेव ६.५ टक्क्यांनी ठेवली आहे, दोन वर्षे झाली आहेत आणि मुलीच्या प्रवेशासाठी १,००,००० रुपये ६० दिवसांपुरते हवे आहेत, असे धरू. ७.५ टक्क्यांच्या ओव्हरड्राफ्टवर या ६० दिवसांचे व्याज सुमारे १,२३३ रुपये होते. उलट ठेव मोडली आणि बँकेने दंड म्हणून दर १ टक्क्याने कमी केला, तर गेल्या दोन वर्षांचेच सुमारे ८,००० रुपये हातचे जातात. येथे ओव्हरड्राफ्ट निःसंशय बरा.

पण तीच रक्कम दोन-तीन वर्षे परत करता येणार नसेल, तर हिशेब उलटतो. वरवर पाहता ७.५ मधून ६.५ वजा जाऊन खर्च १ टक्काच दिसतो. प्रत्यक्षात ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो, आणि घरखर्चासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टच्या व्याजाची वजावट मिळत नाही. ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हातात ६.५ पैकी सुमारे ४.५५ टक्केच उरतात, म्हणजे खरा खर्च ३ टक्क्यांच्या जवळ जातो. अशा वेळी ठेव मोडणे, किंवा मुळातच ठेव तीन-चार लहान पावत्यांत विभागून ठेवून गरजेपुरती एकच पावती मोडणे, शहाणपणाचे ठरते. निवृत्त वाचकांना माझा हा आग्रहाचा सल्ला आहे की, एकच मोठी पावती करू नये.

५. कोणत्याही ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो का?

नाही. करबचतीची पाच वर्षांची मुदत ठेव तारण ठेवता येत नाही. ठेव दोघांच्या नावावर असेल, तर दोघांच्याही सह्या लागतात. केवळ एकाने जाऊन काम होत नाही. अल्पवयीन मुलाच्या नावावरील ठेवीवर बँका सहसा ओव्हरड्राफ्ट देत नाहीत. ठेव ज्या बँकेत असेल त्याच बँकेकडून तो घेणे सोपे असते, आणि आता अनेक बँकांत हे काम मोबाइल अॅपवरून काही मिनिटांत होते. ते इतके सोपे झाले आहे म्हणूनच 'होय' दाबण्यापूर्वी फेडीची तारीख कागदावर लिहून ठेवावी.

६. जनधन खात्यावर १०,००० रुपये मिळतात, असे ऐकले. ते अनुदान आहे का?

अनुदान नाही, तो ओव्हरड्राफ्टच आहे आणि तो व्याजासह परत करावा लागतो. प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. तेव्हा ही मर्यादा ५,००० रुपये होती आणि २०१८ मध्ये ती १०,००० रुपये करण्यात आली. त्याच वेळी वयाची अट १८ ते ६५ वर्षे अशी सैल झाली. खाते किमान सहा महिने समाधानकारक चाललेले असावे लागते आणि कुटुंबातील एकाच कमावत्या व्यक्तीला, शक्यतो स्त्रीला, ही सोय मिळते. २,००० रुपयांपर्यंतची रक्कम विनाअट दिली जावी अशी तरतूद आहे. 'सरकारने दिलेले पैसे' समजून ते परत न केल्यास पतनोंद बिघडते, आणि पुढे बचतगटाच्या किंवा मुद्रा कर्जाच्या वेळी ती आड येऊ शकते.

७. पगार खात्यावर बँकेने आपणहून ओव्हरड्राफ्ट देऊ केला आहे. घ्यावा का?

अडीनडीला असावा म्हणून मंजूर करून ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्याला पगाराचा भाग समजू नये. ज्यांचा ओव्हरड्राफ्ट वर्षानुवर्षे फिटत नाही, त्यांची कहाणी बहुतेक वेळा एकसारखी असते. पगार जमा झाला की बाकी शून्यावर येते, पंधरा तारखेपर्यंत पुन्हा उचल सुरू होते, आणि दर महिन्याची उचल मागच्यापेक्षा थोडी वाढत जाते. म्हणजे खर्च पगारापेक्षा जास्त आहे, आणि तो फरक व्याज देऊन झाकला जात आहे.

ओव्हरड्राफ्ट खाते यूपीआयला जोडता येते. ते जोडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. चहा, रिक्षा, भाजी यांचे पैसे उसन्या खात्यातून गेले, तर उचल कुठे झाली हेच महिनाअखेरीस सापडत नाही. आणखी एक गोष्ट मंजुरीपत्रात पाहावी: काही पगार-ओव्हरड्राफ्टमध्ये मर्यादा दर महिन्याला ठरावीक रकमेने कमी होत जाते. खातेदार जुनीच मर्यादा डोक्यात धरून बसतो आणि काही न करताही मर्यादेबाहेर जातो.

८. ओव्हरड्राफ्टला हप्ता नसतो. मग तो फेडायचा कसा?

हप्ता बँक ठरवत नाही, म्हणून तो आपण ठरवायचा. उचल करतानाच तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: ही रक्कम कशासाठी काढली, ती कोणत्या येण्यातून परत येणार आणि केव्हा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती उचल ओव्हरड्राफ्टची नाहीच. तिला मुदत कर्ज हवे.

पगारदाराने पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम ओव्हरड्राफ्ट खात्यात आपोआप वळती होईल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. ६०,००० रुपयांची बाकी असेल आणि दरमहा व्याजाव्यतिरिक्त ५,००० रुपये मुद्दलात गेले, तर बारा महिन्यांत खाते मोकळे होते. हा हिशेब साधा आहे, पण एक अट पाळावी लागते: या बारा महिन्यांत नवी उचल करायची नाही. त्यासाठी बँकेला लेखी कळवून मर्यादाच टप्प्याटप्प्याने कमी करून घेता येते. फार थोडे लोक हे करतात, आणि ज्यांनी केले त्यांचा ओव्हरड्राफ्ट खरोखर फिटलेला मी पाहिला आहे.

व्यापाऱ्याने गल्ला रोज खात्यात भरावा. शुक्रवारचे ८०,००० रुपये सोमवारपर्यंत कपाटात राहिले, तर ११ टक्के दराने तीन दिवसांचे सुमारे ७२ रुपये व्याज पडते. रक्कम किरकोळ वाटते, पण दर आठवड्याला असेच घडत राहिले तर वर्षाला साडेतीन हजार रुपयांहून अधिक जातात. पैसे भरण्याची यंत्रे सुट्टीच्या दिवशीही चालू असतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सबब आता फारशी उरलेली नाही.

९. मी व्याज दरमहा वेळेवर भरतो. तरी व्यवस्थापक 'खाते फिरत नाही' असे म्हणतात. म्हणजे काय?

या पानावरचा हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तुमच्या खात्याचा गेल्या बारा महिन्यांचा उतारा घ्या आणि प्रत्येक महिन्यातली सर्वांत कमी नावे बाकी शोधा. सर्वांत जास्त बाकी सगळेच पाहतात. खाते निरोगी आहे की नाही हे सर्वांत कमी बाकीवरून कळते.

एखाद्या हार्डवेअर दुकानाची मर्यादा १०,००,००० रुपये आहे, असे समजा. पावसाळ्यापूर्वी माल भरताना बाकी साडेनऊ लाखांवर गेली आणि दिवाळीनंतर दीड लाखावर आली, तर ते खाते फिरते आहे: पैसा मालात गेला, माल विकला गेला, पैसा परत आला. पण वर्षभरात बाकी कधीही ६,००,००० रुपयांच्या खाली आली नाही, तर त्या सहा लाखांचा माल आता दुकानात नाही. ते कुठल्या तरी गाळ्यात, गाडीत, लग्नात किंवा बुडालेल्या उधारीत अडकले आहेत. ११ टक्क्यांनी त्यांचे व्याज वर्षाला ६६,००० रुपये होते, आणि दहा वर्षे वेळेवर व्याज भरूनही मुद्दलातला एक रुपयासुद्धा कमी होत नाही.

यावर उपाय आहे. बँकेकडे जाऊन हा अडकलेला भाग वेगळ्या मुदत कर्जात रूपांतरित करून मागावा, त्याला तीन ते पाच वर्षांचे हप्ते बांधून घ्यावेत आणि ओव्हरड्राफ्टची मर्यादा तितक्याने खाली आणावी. हप्ता सुरुवातीला जड वाटतो, पण त्याला शेवट असतो. ही मागणी खाते थकण्यापूर्वी केली, तर बँक ती सहसा सहानुभूतीने ऐकते. थकल्यानंतर केली, तर तिला पुनर्रचना म्हणतात आणि तिचे परिणाम वेगळे होतात.

वर्षातून किमान एकदा, काही दिवस तरी, बाकी शून्यावर किंवा शून्याच्या जवळ आणावी. मात्र त्यासाठी दुसऱ्या बँकेतून उचल करून येथे भरणा करणे आणि आठवड्याने उलट करणे, विशेषतः मार्चअखेरीस, हा स्वतःची फसवणूक करण्याचा मार्ग आहे. उताऱ्यात ते लगेच ओळखू येते.

१०. बाकी मर्यादेच्या आत आहे. तरी बँकेने खाते अनियमित कसे ठरवले?

रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खाते तीनपैकी कोणत्याही एका कारणाने अनियमित ठरते. बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, हे पहिले कारण. बाकी मर्यादेत आहे पण सलग ९० दिवस खात्यात काहीच भरणा झाला नाही, हे दुसरे. तिसरे बहुतेकांना ठाऊक नसते: भरणा झाला, पण मागच्या ९० दिवसांत नावे पडलेले व्याज भागेल इतका तो नव्हता.

६,००,००० रुपयांच्या बाकीवर ११ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५,५०० रुपये, तर तीन महिन्यांत १६,५०० रुपये व्याज पडते. या काळात १२,००० रुपयेच भरले गेले, तर मर्यादा ८,००,००० असली तरी खाते अनियमित ठरून अनुत्पादक कर्जात, म्हणजे बँका ज्याला 'एनपीए' म्हणतात त्या थकीत कर्जात, जाऊ शकते. त्याआधीही सूचना मिळते: बाकी मर्यादेवर ३० दिवसांहून अधिक काळ राहिली, की खाते विशेष देखरेखीच्या पहिल्या वर्गात आणि ६० दिवसांनंतर दुसऱ्या वर्गात जाते.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवाव्यात. अनुत्पादकतेचा शिक्का खात्यावर नव्हे, कर्जदारावर बसतो. त्यामुळे त्याच बँकेतले तुमचे गृहकर्ज अगदी नियमित असले, तरी ओव्हरड्राफ्टमुळे तेही अनुत्पादक ठरते. आणि एकदा शिक्का बसला, की थकलेले थोडेसे भरून तो निघत नाही. व्याज आणि मुद्दल यांची सर्व थकबाकी भरावी लागते.

याला एक अपवाद आहे. मुदत ठेव, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, किसान विकास पत्र किंवा आयुर्विमा पॉलिसी यांच्या तारणावरचे कर्ज, तारणात पुरेशी तफावत, म्हणजे बाकीपेक्षा जास्तीची किंमत, शिल्लक असेल तोवर, अनुत्पादक मानण्याची गरज नसते. सोन्याच्या तारणाला ही सवलत नाही. पीककर्ज आणि किसान क्रेडिट कार्डावरील पीककर्ज यांची थकबाकी ९० दिवसांऐवजी पिकांच्या हंगामांवरून मोजली जाते.

११. मंजूर मर्यादा २० लाखांची आहे, पण अॅपमध्ये १४ लाखच काढता येतात असे दिसते. असे का?

तुम्हाला दिसते ती ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्याच्या साठ्यावर आणि येण्यावर आधारलेली उचलक्षमता. बँक साठ्याच्या किमतीतून न फेडलेली खरेदी आणि ठरलेली तफावत, बहुधा २५ टक्के, वजा करते; ९० दिवसांपेक्षा जुनी येणी सहसा धरत नाही. मंजूर मर्यादा आणि ही क्षमता यांपैकी जी कमी असेल तीच तुमची खरी मर्यादा, आणि प्रश्न १० मधले ९० दिवस तिच्यावरूनच मोजले जातात. साठापत्रक तीन महिन्यांपेक्षा जुने झाले, तर त्यावर आधारलेली उचल अनियमित समजली जाते. साठा फुगवून लिहिण्याचा मोह टाळावा: तपासणीत ते उघड झाल्यास प्रश्न केवळ मर्यादेचा राहत नाही, तो फसवणुकीचा होतो.

१२. नूतनीकरणाची कागदपत्रे द्यायला उशीर झाला, तर काय होते?

व्यवहार बिनबोभाट चालू असले, तरी मुदत संपल्यापासून, किंवा तात्पुरती मर्यादा असेल तर तिच्या मंजुरीच्या दिवसापासून, १८० दिवसांत मर्यादेचा आढावा झाला नाही, तर खाते अनुत्पादक ठरू शकते. ताळेबंद, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे मुदतीच्या दोन महिने आधी देऊन पोच घ्यावी. पोच नसेल, तर उशीर कोणाचा हे पुढे सिद्ध करता येत नाही.

१३. ओव्हरड्राफ्ट खात्यावरचा धनादेश मर्यादा संपल्यामुळे परत गेला. खात्यात 'शिल्लक' नसतेच, मग गुन्हा कसा?

परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ केवळ अपुऱ्या शिलकीबद्दल नाही. बँकेशी झालेल्या कराराने देण्याचे ठरलेल्या रकमेपेक्षा धनादेश मोठा असणे, हेही त्यात स्पष्टपणे आहे. ओव्हरड्राफ्टची मर्यादा म्हणजे असाच करार. धनादेश कायदेशीर देण्यापोटी दिलेला असेल, तर समोरच्याने बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे दिले तर प्रकरण तेथेच थांबते. न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या तारखेचे धनादेश दिले असतील, तर तितकी मर्यादा वापरलीच आहे असे समजून चालावे. महिन्याचे व्याज नावे पडल्यामुळेही मर्यादा ऐन वेळी अपुरी पडते, हे अनेकांना धनादेश परत आल्यावरच कळते.

१४. मर्यादा ओलांडल्याबद्दल बँक किती दंड लावू शकते?

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर, नव्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२४ पासून, दंड व्याजदरात मिसळून दंडव्याज म्हणून लावता येत नाही. तो वेगळे शुल्क म्हणून लावावा लागतो, कसुरीच्या प्रमाणात असावा लागतो, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. किती आणि कशासाठी, हे करारात व बँकेच्या संकेतस्थळावर सांगितलेले असले पाहिजे. मूळ कर्जाच्या व्याजाची चक्रवाढ मात्र या नियमाने थांबत नाही. उताऱ्यात दंडाची नोंद वेगळी दिसत नसेल, तर शाखेकडे लेखी विचारणा करावी.

१५. मुदतीआधी खाते बंद केल्यास शुल्क लागते का?

१ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू आहेत. व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिटबाबत एक उपयुक्त तरतूद आहे: नूतनीकरण नको असल्याचे तुम्ही करारातील मुदतीच्या आत बँकेला कळवले आणि ठरलेल्या दिवशी खाते बंद झाले, तर शुल्क लागत नाही. बाकी शून्य करणे म्हणजे खाते बंद करणे नव्हे. बंद करण्याचा लेखी अर्ज, थकबाकी नसल्याचा दाखला आणि तारणाची मूळ कागदपत्रे या तिन्हींशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

१६. रोज पिग्मी भरतो आणि ओव्हरड्राफ्टही चालू आहे. हे योग्य आहे का?

पिग्मीवर मिळणारे व्याज ओव्हरड्राफ्टच्या व्याजापेक्षा बहुतेक नेहमीच बरेच कमी असते. तेव्हा रोजचे तेच ३०० रुपये थेट ओव्हरड्राफ्ट खात्यात गेले, तर फायदा अधिक होतो. तरीही मी पिग्मी बंद करा असे सरसकट सांगत नाही. दारात प्रतिनिधी येतो म्हणून ज्यांच्याकडून पैसे बाजूला पडतात, त्यांनी पिग्मी चालू ठेवावी, पण तिची मुदत संपताच सगळी रक्कम ओव्हरड्राफ्टमध्ये भरावी. पिग्मी पतसंस्थेत असेल, तर तिला बँकेतल्या ठेवीप्रमाणे ५,००,००० रुपयांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण नाही, याचीही जाणीव असावी.

१७. मित्राच्या ओव्हरड्राफ्टला जामीन राहिलो आहे. आता बाहेर पडता येईल का?

ओव्हरड्राफ्टचा जामीन हा चालू जामीन असतो, म्हणजे तो एका उचलीपुरता नसून पुढच्या प्रत्येक उचलीला लागू होतो. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १३० नुसार, बँकेला नोटीस देऊन तो भविष्यातील व्यवहारांपुरता मागे घेता येतो. त्या दिवसापर्यंतच्या बाकीची जबाबदारी मात्र राहते, आणि कलम १२८ नुसार ती कर्जदाराइतकीच असते.

येथे एक बारकावा आहे. नोटिशीच्या दिवशी बाकी ४,००,००० रुपये होती आणि बँकेने तेच खाते पुढे चालू ठेवले, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास, नंतर होणारे भरणे कलम ६१ च्या तत्त्वानुसार आधी जुन्या नावे रकमेत वळते होतात. म्हणजे मित्राने पुढे चार लाख भरले, की त्याने नवी उचल केली असली तरी तुमची बाकी फिटलेली धरता येते. म्हणूनच अशी नोटीस आली की बँका जुने खाते गोठवून नवे खाते उघडतात. नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी, त्या दिवसाचा खातेउतारा मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

१८. बँक दर वर्षी बाकीच्या दुजोऱ्यावर सही मागते. ती करणे बंधनकारक आहे का?

विनातारण येण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते, आणि मुदत संपण्याआधी कर्जदाराने लेखी कबुली दिली तर ती तेथून नव्याने मोजली जाते. दुजोऱ्याचा कागद म्हणजे ही कबुली. सही टाळून कर्ज बुडवता येत नाही. उलट बँक घाईने न्यायालयात जाते. पण आकडा न तपासता सही करू नये. व्याज जुळत नसेल, तर 'हरकतीच्या अधीन' असे लिहून आपली हरकत सोबत जोडावी.

१९. ओव्हरड्राफ्ट थकला, तर बँक माझ्या बचत खात्यातून पैसे वळते करू शकते का?

दोन्ही खाती त्याच बँकेत, तुमच्या एकट्याच्या नावावर आणि त्याच नात्याने असतील, तर बहुतेक वेळा होय. करारात तसे कलम असते. पत्नीसोबतच्या संयुक्त खात्यातून तुमचे वैयक्तिक देणे वळते करण्याचा असा आपोआप हक्क बँकेला नसतो, आणि विश्वस्त म्हणून किंवा गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी म्हणून तुमच्या सहीने चालणाऱ्या खात्याला तर हात लावता येत नाही.

२०. खातेदाराचा मृत्यू झाला, तर घरच्यांनी ओव्हरड्राफ्ट फेडायचा का?

वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. ते जामीनदार किंवा सहकर्जदार असतील, तर गोष्ट वेगळी. ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट असेल, तर बँक ठेवीतून बाकी वजा करून उरलेली रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला देते. मृत्यूची माहिती लवकर द्यावी, कारण तोपर्यंत व्याज चालूच राहते. आणि एटीएम कार्ड घरात आहे म्हणून त्या खात्यातून उचल करू नये.

२१. बँक तक्रार ऐकत नाही. पुढे कुठे जावे?

आधी शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. चुकीचे व्याज, न सांगता लावलेले शुल्क, कागदपत्रे परत करण्यातला उशीर अशा बाबी तेथे चालतात. मर्यादा मंजूर करावी की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्यामुळे तो तेथे बदलून मिळत नाही. पतसंस्था या व्यवस्थेत येत नाहीत; त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे करावी लागते. दोन्हीकडे तक्रारीसोबत तारीखवार खातेउतारा जोडावा आणि ज्या नोंदीवर हरकत आहे, ती अधोरेखित करावी.